अस्लाकमामासाठी रीळ

रविवारी सकाळी दहाला शिट्टी वाजणार होती आणि बुधवार संध्याकाळपर्यंत अस्लाकमामाकडे रीळ नव्हती. तशी ती गेल्या साठ वर्षांतही नव्हती. गुओले तळ्यावर बर्फाला भोक पाडून रौतु मासा धरणाऱ्या कुणाकडेच नव्हती. हातभर काठी, तिच्या खाचांमध्ये गुंडाळलेला दोरा आणि टोकाला पितळी आमिष, एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. मासा लागला की काठी बाजूला टाकायची आणि विहिरीतून पोहरा काढावा तसा दोन्ही हातांनी दोरा वर ओढायचा. रीळ वापरतात ते दक्षिणेकडून आलेले पाहुणे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

पण ऑक्टोबरमध्ये मामाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सावरला. जीभ तर दुसऱ्याच आठवड्यात पहिल्याइतकी तिखट झाली. डाव्या हाताची बोटं मात्र मिटेनात. पंजा तव्यावरच्या उलथन्यासारखा ताठ राहिला आणि त्याला थंड-गरमही फारसं कळेना. एका हाताने दोरा ओढता येतो, पण दुसरी ओढ घ्यायला हात पुढे नेला की आधी ओढलेला दोरा धरायचा कुणी?

मामाची भाची सोह्वी बुधवारच्या बसने आली. औलू शहरात तिचं भौतिकशास्त्राचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. आईवडील दक्षिणेला राहायला गेल्यापासून तिचं गाव म्हणजे हे मामाचं घर. ती दारात बूट झटकत होती तेव्हा शेजारचा आन्तेरो चुलीजवळ बसून कॉफीत चीजचे तुकडे बुडवत होता.

"रविवारी मी उतरतोय," मामाने तिला बसायच्या आधीच सांगून टाकलं. "एक मासा. माझ्या हाताने वर आला तर ठीक. नाही आला तर बर्फाचं गिरमिट आणि अंथरायचं कातडं या आन्तेरोला देऊन टाकायचं आणि घरात बसायचं. दुसऱ्यांचे मासे बघत बर्फावर बसायला मी काय कावळा आहे?"

"तुझं कातडं नकोय मला," आन्तेरो चमच्याने चीज शोधत म्हणाला. "निम्मे केस झडलेत त्याचे. तुझ्यासारखेच."

"गिरमिट तरी घे. तुझं तर लोण्यातसुद्धा भोक पाडत नाही."

सोह्वीला हसू आलं, पण मामाकडे नीट पाहिल्यावर ते ओठांतच राहिलं. तो थट्टा करत नव्हता. रेनडिअरचं ते कातडं दाराशेजारी गुंडाळून, दोरीने बांधून ठेवलेलं होतं, निघायच्या सामानासारखं.

रौतु-रविवारच्या स्पर्धेचा नियम सगळ्या गावाला पाठ होता. भोक कुणीही पाडून द्यावं, पण दोरा पाण्यात गेल्यापासून मासा बर्फावर येईपर्यंत दुसऱ्याचा हात लागता कामा नये. दोऱ्याला नाही, माशालाही नाही.

"मामा, रीळ घेतली तर?" सोह्वी म्हणाली. "रीळ तुझा दुसरा हात होईल. गोळा केलेला दोरा ती धरून ठेवेल."

आन्तेरोने कॉफीचा लाकडी पेला खाली ठेवला. "रीळ! अस्लाक, आता तुला रंगीत टोपीही आणायला हवी. पाहुण्यांसारखी."

"गप रे," मामा म्हणाला. मग भाचीकडे वळून, "कुठली रीळ?"

 प्रश्न चांगला होता. झोपायच्या आधी तिने वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं: खोली आठ मीटर. एक हात. चार दिवस.

गुरुवारी लेम्पीच्या दुकानातून तिने पहिली रीळ आणली. पेट्रोल, पाव, बूट आणि टपाल असं सगळं एकाच छपराखाली विकणाऱ्या या दुकानात हिवाळ्याच्या फळीवर तेवढी एकच होती. चकचकीत, छोटी, समोरून तारेची कडी फिरून दोरा गुंडाळणारी. सोह्वीने हातभर काठी कापली, ती आणि रीळ लाकडाच्या एका फळीवर घट्ट बसवली. फळी भोकाच्या कडेला ठेवायची, मामाने पालथं झोपून डाव्या कोपराने ती दाबून धरायची, आणि उजव्या हाताने दोरा नाचवायचा किंवा रिळीची मूठ फिरवायची.

तळ्यावर ऊन डोळ्यांत घुसत होतं. सोह्वीने भोक पाडलं, शेजारी दुसरं पाडलं, दोघं कातड्यांवर पालथी झोपली आणि डोक्यावरून जाकिटं ओढून घेऊन त्यांनी भोकांत तोंडं घातली.

हे दृश्य तिने शंभरदा पाहिलं होतं, तरी दर वेळी ते नवंच वाटायचं. मीटरभर जाड बर्फातली निळी विहीर आणि तिच्याखाली हिरवट उजेडाने भरलेली एक अख्खी खोली. आठ मीटरवर तळाचे गोटे मोजता येत होते. मामाचं आमिष त्या उजेडात चमकत खाली गेलं.

"आला," मामा कुजबुजला.

गोट्यांमधून एक करडी सावली सुटली, पांढऱ्या कडांचे पर हलवत वर आली, आमिषापासून वीतभर अंतरावर थांबली. आणि वळून निघून गेली.

दुसरा आला, थांबला, वळला. तिसरा. चौथ्याला मामाने एक खास शिवी घातली.

सोह्वीने आपल्या भोकातून तिरकं पाहिलं. मामाचा हात स्थिर असतानाही आमिष स्थिर नव्हतं. ते स्वतःभोवती फिरत होतं. तिने मोजलं: उजवीकडे चौदा फेरे, एक क्षण थांबा, मग डावीकडे अकरा, मग पुन्हा उजवीकडे. भोवऱ्यासारखं. कुठला शहाणा मासा भोवरा खाईल?

"मामा, दोऱ्याला पीळ पडलाय!" ती भोकातच ओरडली आणि आवाज घुमून तिच्याच कानांवर आदळला. "ही रीळ स्वतः फिरत नाही, कडी तिच्याभोवती दोरा गुंडाळते. दर वेढ्याला एक पीळ! सकाळपासून आपण दोनदा गुंडाळला, म्हणजे कमीत कमी दोनशे पीळ!"

"मग?"

"मग पडताळून बघू."

तिने मामाचा जुना, काठीवरचा दोरा आपल्या भोकातून सोडला. त्याचं आमिष सरळ, शांत लटकलं. पाच मिनिटांत एका रौतुने ते तोंडात घेतलं. सोह्वी ताडकन उठली, काठी टाकली आणि दोन्ही हातांनी भराभर दोरा ओढत मासा बाहेर काढला. "बघितलंस? पीळच होता! सिद्ध झालं!"

मामा तिच्या माशाकडे पाहत नव्हता. तो तिच्या दोन हातांकडे पाहत होता. सोह्वीने हात हळूच हातमोज्यांत घातले.

शुक्रवारी दुसरी रीळ आली, शाळेच्या मास्तरांकडून उसनी. ही चाकासारखी होती. दोरा सरळ तिच्यावर चढायचा, सरळ उतरायचा. पीळ शून्य. आमिष इतकं निश्चल लटकलं की सोह्वीने आनंदाने मामाच्या पाठीवर थाप मारली.

आणि मासा लागला! पहिल्याच तासात. मामाने मूठ फिरवायला सुरुवात केली. फिरवतो आहे, फिरवतो आहे, मनगट शिलाई मशीनच्या चाकासारखं चाललंय, आणि दोरा मात्र मुंगीच्या पावलांनी वर येतोय. तेवढ्यात मासा स्वतःच वर झेपावला. दोरा सैल पडला, त्याने एकदा डोकं झटकलं आणि गळ सुटला.

मामा गाल बर्फाला लावून तसाच पडून राहिला.

"संपलं का तुझं गणित?" त्याने विचारलं.

"आत्ता तर सुरू होतंय," सोह्वी म्हणाली. ती गुडघ्यांवर बसून रिळीवर पट्टी धरत होती. "हा गाभा अडीच सेंटिमीटरचा. एका फेऱ्यात आठ सेंटिमीटर दोरा येतो. आठ मीटरला शंभर फेरे! तो मासा सेकंदाला मीटरभर वर आला, मामा. त्याला गाठायला तू सेकंदाला बारा फेरे मारायला हवे होतेस."

"तरुणपणी मारले असते."

"तरुणपणीसुद्धा नाही. तुझं काही चुकलं नाही. चाक लहान आहे, बस. मोठं चाक हवं, बशीएवढं. पण सरळ दोऱ्याचं, आणि..." ती मध्येच थांबली. बशी म्हणताच तिला काहीतरी आठवलं होतं. लेम्पीच्या दुकानातली मागची भिंत. ताडपत्रीखाली झाकलेली फळी.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी ती दारात उभी होती.

"ताडपत्रीखालचं उन्हाळ्याचं आहे," लेम्पी म्हणाली. "एक जूनला ये."

"लेम्पीमावशी, मला फक्त बघायचंय."

"खाली डासांची औषधं आहेत, होड्यांची वल्ही आहेत, नदीवरच्या लोकांचं सामान आहे. तुला एप्रिलमध्ये काय करायचंय त्याचं? बाहेर उणे अठरा आहे, पोरी!"

"नदीवरच्या लोकांची रीळ. ती मोठी, चपटी, जिच्यातून ते माशीचं आमिष फेकतात."

लेम्पीने चष्म्यावरून पाहिलं. "नदीची रीळ तळ्यावर? उन्हाळ्याची हिवाळ्यात?" मग आवाज खाली आणून, "अस्लाकसाठी ना?" आणि तिने स्वतःच ताडपत्रीची दोरी सोडली.

रीळ उघडी होती, जाळीसारख्या भोकांची, साधी, बशीएवढी. सोह्वीने गाभ्यावर पट्टी धरली. आठ सेंटिमीटर! एका फेऱ्याला पंचवीस, आठ मीटरला बत्तीस फेरे. मूठ उलटी फिरवली तर रीळ किर्रर्र असा रातकिड्यासारखा आवाज करायची. बत्तीस, बत्तीस, बत्तीस, असं मनात म्हणतच ती घराकडे पळत सुटली.

पळताना तिला एक विचार सुचला आणि तो तिला फार हुशारीचा वाटला. रिळीत उन्हाळ्याचं ग्रीस असणार. थंडीत ते घट्ट होणार. म्हणून रीळ ऊबेत ठेवायची. तिने ती जाकिटाच्या आत, स्वेटरला चिकटवून ठेवली आणि दुपारी बर्फावर गेल्यावरच बाहेर काढली.

पाच मिनिटं रीळ लोण्यासारखी फिरली. सहाव्या मिनिटाला करकरली. सातव्याला अडली. सोह्वीने मूठ दाबली, मग दोन्ही हातांनी दाबली. जाळीच्या भोकांत पांढरं, मखमली दव गोठलेलं दिसत होतं.

मामा कातड्यावर उताणा झाला आणि आभाळाकडे तोंड करून खो खो हसायला लागला. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"पोरी, गिरमिट कधी अंथरुणात घेऊन झोपलीस का गं?"

सोह्वीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्थातच! या गावात पाच वर्षांच्या पोरालाही माहीत होतं की गिरमिट ऊबेच्या खोलीत न्यायचं नाही. पाती गरम होतात, त्यांच्यावर ओल धरते, बाहेर गेल्यावर तिचा बर्फ होतो आणि मग ते गिरमिट दह्यातसुद्धा भोक पाडत नाही. तिने स्वतः लहानपणी यावरून मार खाल्ला होता. रीळ दुकानातून आली, चकचकीत आली, म्हणून ती तिला गिरमिटाच्या जातीची वाटलीच नाही. घामाने दमट झालेल्या स्वेटरमध्ये तिने ती दोन तास उबवली होती, अंड्यासारखी!

"आणि ग्रीस?" ती म्हणाली. "थंडीत ठेवली तर ग्रीस घट्ट होणार."

"काढून टाक. आम्ही रेनडिअरच्या कळपामागे जायचो तेव्हा बर्फगाडी सुरू करायची झटका-दोरी अशीच अडायची. पेट्रोलने धुवायची, कोरडी करायची. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. सुकी ठणठणीत. थंडीला तिथे धरायला काही सापडतच नाही."

उरलेली दुपार दोघं खोपीत बसली. दार उघडं होतं, ऊन आत आलं होतं आणि तरी बोटं बधिर होत होती. सोह्वीने स्क्रू काढून एकेक भाग डब्यातल्या पेट्रोलमध्ये बुडवला, मामाने तो उजव्या हाताने फडक्यावर फिरवून पुसला. तिने विचारलं, धातूवर धातू झिजणार नाही का? तो म्हणाला, झिजू दे, एक हंगाम चालली तरी पुरे. तिला हे उत्तर शास्त्राच्या दृष्टीनेही पटलं. रीळ जोडून, फळीवर बसवून मामाने ती खिळ्याला टांगली, गिरमिटाशेजारी.

रविवारी सकाळी साठ माणसं बर्फावर होती. उणे सोळा, वारा नाही, आणि बर्फावरून उडणारं ऊन गालांना चटके देत होतं. आन्तेरो दहा पावलांवर बसला होता. त्याने फळी, रीळ, कोपर असा सगळा थाट बघितला.

"अस्लाक, हे काय, खिमा यंत्र?"

"तुझ्या रौतुचा करतो खिमा. बस गप."

शिट्टी वाजली. मामा पालथा झाला, डोकं जाकिटाखाली गेलं. रीळ किर्रर्र करत सुटली, आमिष आठ मीटर खाली गेलं आणि शांत लटकलं. सोह्वी चार पावलं मागे उभी राहिली. हात खिशांत. नियम होता आणि तिचा स्वतःवर भरवसा नव्हता.

पाऊण तासात आजूबाजूला सात मासे निघाले. आन्तेरोचा एक, बऱ्यापैकी. मामाच्या भोकातून मधूनमधून बातम्या येत होत्या. "आला... बघतोय... गेला."  मग एकदम वेगळ्या आवाजात:

"अरे देवा. हा केवढा आहे!"

 मामाची उजवी तर्जनी दोऱ्यावर जेमतेम हलली. एकदा. दोनदा. मग मनगट झटकलं आणि त्याने मूठ पकडली.

बत्तीस, सोह्वी मनात म्हणाली. एक, दोन, तीन, चार. दोरा भराभर वर येत होता. मोठ्या चाकाने तो अक्षरशः गिळला जात होता. नऊ, दहा. मासा वर झेपावला आणि या वेळी रीळ त्याच्याहून वेगाने फिरली, दोरा ताठच राहिला! पंधरा! ती उडीच मारणार होती.

तेवढ्यात मासा उलटा फिरला.

मूठ मामाच्या बोटांतून सुटली आणि उलट्या दिशेने गरगरत सुटली. तिचा फटका त्याच्या बोटांच्या सांध्यांवर बसला. किर्रर्र नव्हतं आता ते, किंचाळी होती. आसपासची माणसं वळून बघू लागली. दहा मीटर गेले, पंधरा, वीस. रिळीवर एकूण चाळीस मीटर दोरा होता, हे सोह्वीला माहीत होतं, कारण तो तिनेच मोजून चढवला होता. आणि त्याच क्षणी तिला कळलं की ती काय विसरली होती. गोळा करण्याचं सगळं गणित तिने केलं होतं. सोडण्याचं केलंच नव्हतं. या स्वस्त रिळीला आवाज होता, पण ब्रेक नव्हता!

"मामा, मूठ धरू नको! दोरा तुटेल!" ती ओरडली.

"मग काय धरू?"

 चाकाच्या वेढ्यांतून गाभ्याचा धातू डोकावायला लागला. आन्तेरो उठून उभा राहिला होता, आणि त्याचे दोन्ही धडधाकट हात नुसते हवेत हलत होते.

मामाने डावा खांदा पुढे ढकलला.

कोपर फळीवरच होतं. त्याच्यापुढे तो उलथन्यासारखा, न मिटणारा पंजा. तो सरळ फिरत्या चाकाच्या कडेवर जाऊन टेकला. पकडायला बोटं लागतात, टेकायला नाही. मामाने खांद्याचा भार दिला. किंचाळीचा सूर उतरला. आणखी भार. किर्र... किर्र... किर्र. चाक मंदावलं, थांबलं, दोन फेरे पुढे सरकलं, पुन्हा थांबलं. दोरा ताणून गुणगुणत होता, पण तुटला नाही.

"जळतंय!" मामा ओरडला.

"हात काढ मग!"

"काढू कशाला? जळतंय, पोरी! डाव्याला जळतंय! कळतंय मला!"

मग दोन्ही हातांचं काम सुरू झालं. मासा पळाला की डावा टेकायचा, दमला की उजवा फिरवायचा. सोह्वीने फेरे मोजायचं सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखाद्या प्रयोगाच्या मधोमध मोजणं सोडलं होतं. साठ माणसं गोल करून उभी होती आणि कुणी पाऊलभरही पुढे येत नव्हतं. भोकात पाणी उसळलं. लालभडक पोटाचं, पांढऱ्या कडांच्या परांचं एक धूड बर्फाच्या विहिरीत वर आलं. आता दोरा धरायला एक हात हवा आणि मासा काढायला दुसरा. पंजा चाकावर टेकलेला ठेवून मामाने मान खाली घातली, दोरा दातांत धरला, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात खुपसला आणि कल्ल्यात बोटं अडकवून मासा बर्फावर फेकला.

मासा दोनदा उडून कातड्यावर पडला.

ओरडा झाला तो पलीकडच्या टेकडीवरून परत आला. सोह्वीने खिशांतून हात काढले तेव्हा तिला दिसलं, दोन्ही तळव्यांत नखं रुतल्याच्या खुणा होत्या. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने मामाचा डावा पंजा उलटा केला. तळव्यावर चाकाच्या कडेचा लाल, सोललेला पट्टा उमटला होता. तिने त्यावर हलकेच फुंकर घातली.

"गार," मामा म्हणाला. दातांत अजून दोरा होता.

मासा एक किलो तीनशे चाळीस भरला. पहिला नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी आला, आणि तो कुणाचा हे मामाने विचारलंही नाही. तो परत आपल्या भोकाशी गेला, कातड्यावरचा बर्फ झटकला, ते पुन्हा अंथरलं आणि आमिष पाण्यात सोडलं.

आन्तेरो येऊन उभा राहिला. रिळीकडे बघत त्याने नाक ओढलं. "किती फेरे म्हणालीस, सोह्वी? बत्तीस?" मग तो वाकला, हातमोजा काढला आणि बोट पुढे केलं. "मी नुसतं फिरवून बघतो..."

"आन्तेरो," मामा पालथा होत म्हणाला, "दोरा पाण्यात आहे. नियम माहीत आहे ना? हात लावायचा नाही."